शाळा किंवा घर बदलायचंय आणि मूल घाबरतंय? ही गोष्ट करून बघा

नवीन शाळा, नवीन घर म्हटलं की लहान मुलं रात्री झोपत नाहीत, आणि "काही नाही होणार गं" म्हणून ती भीती जात नाही.

१. रस्त्याकडेला रुईचं झाड शोधा. पानांवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर रोज संध्याकाळी मुलाला दाखवायला न्या.

२. रात्रीच्या प्रार्थनेआधी अळीचं फुलपाखरू कसं होतं ती गोष्ट सांगा, पण एकदम नाही, तुकड्या-तुकड्यानं. कोष झाला की तिथेच थांबा आणि "आत तिला कसं वाटत असेल?" एवढंच विचारा, मूल जे सांगेल ती बहुतेक त्याची स्वतःचीच भीती असते, मध्ये न बोलता ऐकून घ्या.

३. मग बायबलमधल्या मत्तय 6:26 मधली पाखरं सोप्या शब्दांत सांगा, ती पेरत नाहीत तरी देव त्यांना खायला देतो, आणि बदलणार नाही ते मुलालाच मोजायला लावा: आई-बाबा, उशी, झोपायची प्रार्थना, येशू.

४. फुलपाखरू निघायच्या आधी कोष पारदर्शक होतो, आतले नारिंगी पंख दिसतात, तो दिवस चुकवू नका. कोष झाल्यापासून साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे शिफ्टिंगच्या तीन आठवडे आधी सुरू केलेलं बरं.

"बघ, अळी घाबरली नाही, तू का घाबरतोस" असं मात्र बिलकुल म्हणू नका, मूल गप्प होतं.

आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, पानं मुलांना तोडू देऊ नका, घरी आल्यावर हात साबणाने धुवा.