पुरानंतर संस्थेचं दप्तर सावरताना

चिपळुणात जुलै २०२१ मध्ये झालं तसं तळमजल्यावरचं कार्यालय बुडालं, की पाणी ओसरताच हात झाडूकडे जातो. थांबा. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा मोजपट्टी धरून फोटो काढा. पंचनाम्याआधीच चिखल काढलात, तर नुकसान दाखवायला काही उरत नाही.

खरी घाई ओल्या दप्तराची. साधारण ४८ तासांत बुरशी धरते. इतिवृत्ताची वही मिटलेलीच स्वच्छ पाण्यात विसळा. शाईपेनानं लिहिलेली असेल तर विसळणंही नको, अक्षरं वाहून जातात. पंख्याखाली उभी ठेवा, दहा-पंधरा पानांआड टिपकागद घाला, भिजला की बदला. उन्हात पानं वेडीवाकडी होतात. गुळगुळीत कागदाचे अहवाल एकदा चिकटून वाळले की सुटत नाहीत. ते पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका, सवडीनं उघडा. (आइस्क्रीमवाला ओळखीचा असेल तर उत्तम!)

नोंदणीपत्र गेलं तरी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१ ची, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या संस्थेच्या नोंदीची, प्रमाणित प्रत मिळते. कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बँकेच्या खातेउताऱ्यावरून बरीचशी पुन्हा लिहिता येते. वाहून गेलेल्या कोऱ्या पावतीपुस्तकांचे क्रमांक मात्र लगेच पोलिसांत नोंदवा. नवी मदत बँकेतूनच घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकर सवलत मिळत नाही.