गडचिरोलीकडून वर्ध्याला नर्सिंगसाठी येणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की कुरखेडा, धानोरा, कोरचीकडून फोन सुरू होतात. "ताई, पोरगी बारावी झाली, नर्सिंगला टाकायची आहे, कुठं टाकू?" मी पण तिकडचीच. शिकायला म्हणून वर्ध्याकडे आले. मग नोकरी, लग्न, घर सगळं इथंच झालं. त्यामुळं अख्ख्या गणगोताची मी नर्सिंगची चौकशी खिडकी झाले आहे. पण निकालानंतर विचारलं तर माझ्याकडं सांगण्यासारखं फार उरत नाही. ही तयारी अकरावीपासूनची आहे, आणि आपल्याकडच्या पोरांसाठी तिचा पहिला भाग पुस्तकांचा नसून कागदांचा आहे.

अभ्यासात कमी पडून जागा गेलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. पण गुण असून जात वैधता (जातीच्या दाखल्याची सरकारी पडताळणी) नाही म्हणून गेलेल्या त्याहून जास्त पाहिल्या. जातीचा दाखला एसडीओ ऑफिसातून निघतो, तो बहुतेकींकडं असतो. वैधता प्रमाणपत्र मात्र पडताळणी समिती देते आणि तिथं महिने जातात. म्हणून अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाका. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजी शोधायची. ती पाहिली नसेल तर सांगते काय असतं त्यात. गावाचं नाव, जन्माची तारीख, बापाचं नाव, जात, आणि मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसायचं. मग ती नोंद आपल्याच आजोबांची हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने जोडून दाखवावं लागतं. गावाचं जुनं नाव, पणजोबांचं पूर्ण नाव, त्यांचे भाऊ किती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवा. अभिलेख कक्षातला माणूस साल विचारतो. साल माहीत नसेल तर तो गठ्ठा सोडत नाही, आणि त्याचं तरी काय चुकलं?

ओबीसी, व्हीजे-एनटी वाल्यांना नॉन क्रिमी लेयर लागतं आणि ते प्रवेशाच्या वर्षी चालू असावं लागतं. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढा, पण जूनच्या गर्दीत नको. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यापायी फार हेलपाटे होतात: दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचं स्पेलिंग जसं आहे तसंच आधारवर, तसंच सीईटीच्या फॉर्मवर. बापाच्या नावात एक 'ए' जास्त असला तरी खिडकीवरून परत पाठवतात.

आता परीक्षा. बीएस्सी नर्सिंगची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. १०० प्रश्न, १०० गुण, दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पात्रतेला बारावीत पीसीबी आणि इंग्रजी, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीवला पाच टक्क्यांची सूट, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण. पात्रता म्हणजे जागा नव्हे, एवढं घरच्यांनाही समजावून सांगा. "पंचेचाळीस टक्के पाहिजे म्हणे, आपल्या पोरीला तर साठ आहेत" असं म्हणून निश्चिंत बसलेले काका मला दरवर्षी भेटतात.

बायोलॉजी आपल्या पोरींना जमते. मार खातात त्या इंग्रजीत. ते वीस गुण क्लासशिवाय मिळवता येतात: रोज बोर्डाच्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, अडलेला शब्द लिहायचा, दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य करायचं. पुढं चार वर्षं शिकवणं इंग्रजीतच आहे, पहिल्याच सेमिस्टरला इंग्रजीचा स्वतंत्र पेपर आहे, म्हणजे ही मेहनत वाया जात नाही. अॅप्टिट्यूडला पाठांतर चालत नाही. रुग्ण चिडला, दोघांना एकाच वेळी मदत हवी, आधी कोणाकडं जायचं, अशा धाटणीचा विचार करता यायला हवा. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. ज्यांनी फक्त मोबाइल हाताळला आहे त्यांनी तालुक्याच्या एमएस-सीआयटी सेंटरवर जाऊन माऊसची सवय करून घ्या. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आलं तर आदल्या दिवशीच पोहोचा, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आणि उन्हाळ्यात विदर्भाचं ऊन कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगू.

सीईटीत कमी पडलात तर जग बुडत नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं आहे, कला शाखेच्या बारावीवरही होतं, त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयांच्या शासकीय नर्सिंग स्कूलची फी सामान्य घराला झेपते. एएनएम (गावपातळीवरच्या नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. उपकेंद्रावरच्या नर्सबाई आपण लहानपणापासून पाहतोच. या दोन्हींना वेगळी सीईटी आहे का, ते त्या वर्षी आधी पाहून घ्या. एम्सची बीएस्सी ऑनर्सची परीक्षा निराळी, तीही फक्त मुलींसाठी आणि ५५ टक्क्यांची अट, अनुसूचित जाती-जमातींना ५०. कोरचीकडच्या पोरींनो, रायपूरचं एम्स तुम्हाला नागपूरइतकंच जवळ आहे, ते यादीतून गाळू नका. मिलिटरी नर्सिंगला जायचं असेल तर नीट द्यावी लागते. पोरांनी बीएस्सी किंवा जीएनएम बघावं. वॉर्डात ब्रदर लागतात, "हे बायकांचं काम" म्हणणाऱ्यांना तिथं कोणी विचारत नाही.

तालुक्याच्या चौकात "नर्सिंग, सहा महिने, नोकरीची हमी" असे बोर्ड लागलेले असतात. तिथं पैसे भरू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळाली तरच तुम्ही नर्स, आणि ती असल्या कोर्सवर मिळत नाही. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्य कौन्सिलची मान्यता आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे आधी पाहा.

त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे दवाखाना पाहा. नियमाने बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. खाटा कागदावर असतात, रुग्ण असतातच असं नाही. पसंतीक्रम भरण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी नऊ-दहाला जाऊन ओपीडीसमोर उभं राहा. केसपेपरची रांग फाटकापर्यंत आली असेल तर तिथं तुम्ही शिकाल. पावसाळ्यात धानाच्या बांधीतून साप चावलेला माणूस येतो, सिकलसेलची पोरगी दुखण्यानं तळमळत येते. हे पाहिलेली मुलगी पुढं कुठंही उभी राहते. इमारत काचेची आणि वॉर्ड रिकामा असेल तर ते नाव खाली ढकला. माझं मत विचाराल तर नागपूरचं शासकीय पहिलं आणि सेवाग्रामचं कस्तुरबा त्याच्या जोडीला. सावंगीचं रुग्णालयही मोठं आहे, पण ते अभिमत विद्यापीठ. प्रवेश वेगळा, फी वेगळी, शासनाची सवलत लागू होते का ते लेखी विचारून घ्या.

पैशांचं थोडक्यात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात तर नाही. अर्ज महाडीबीटीवर. समाजकल्याणचं किंवा आदिवासी विकासचं वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आधारशी जोडलेलं बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं ठेवा.

इथं आल्यावर पहिले दोन महिने जड जातात. मेसच्या भाताला आपल्या घरच्या तांदळाची चव नसते, आणि तुमच्या बोलण्यावर शहराकडच्या दोन-चार पोरी हसतील. हसू द्या. वॉर्डात पूर्व विदर्भातला रुग्ण आला की "का जी, कसं वाटून राहिलं?" असं तुम्ही विचारताच तो बोलायला लागतो. दुसऱ्या कोणाला आधी त्याचं म्हणणं नीट उमगतही नसतं. पांढरे बूट, सेकंद काटा असलेलं घड्याळ आणि कागदपत्रांच्या झेरॉक्सचे चार संच सोबत आणा. मूळ कागद कॉलेजात जमा झाले की लवकर हाती येत नाहीत.

हजेरी ८० टक्के लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण भरून द्यावे लागतात, तेव्हा दर सणाला गावी जाणं होणार नाही. पोळा की दिवाळी हे घरी आधीच ठरवून टाका. पोळ्याला जाणार असाल तर नागपूरहून वडशाच्या गाडीत आदल्या दिवशी उभं राहायलाही जागा नसते, एक दिवस आधीची सुट्टी मागून घ्या.