व्हॉल्व्ह खराब झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा श्वास घरी कसा मोजावा

कुत्र्याच्या छातीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यासोबतचा सळसळता आवाज) ऐकू आली आहे आणि डॉक्टरांनी ‘मायट्रल व्हॉल्व्ह’, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, ‘खराब होतोय’ असं सांगितलं आहे, असं धरून पुढचं लिहितो. तपासणीच झाली नसेल तर आधी ती करा. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी) होत नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत विचारा. फोन करून निघा.

वयानुसार ही झडप जाड आणि गाठाळ होते. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसत नाही, तशी ती नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त मागे फिरतं, डावा कप्पा फुगत जातो आणि शेवटी फुप्फुसात पाणी उतरतं. हा मुख्यतः लहान चणीच्या कुत्र्यांचा आजार. आपल्याकडे म्हणजे पॉमेरियन आणि डॅशहाउंड. गोळ्यांनी झडप पूर्ववत होत नाही. आपल्या हातात एवढंच असतं, की पाणी उतरायला लागल्याचं लवकर ओळखायचं.

ते खोकल्यावरून ओळखू नका. पॉमेरियनची श्वासनळीच नाजूक, तिच्यामुळेही तो खोकतो. घरातलं कफ सिरप तर अजिबात पाजू नका. ‘म्हातारं कुत्रं हाय, धापा टाकनारच’ म्हणणारे गावात पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. झोपेतला श्वास मोजा.

मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच मोजणीनं. मे महिन्यात, नवतपात, विदर्भातलं धडधाकट कुत्रंसुद्धा जीभ बाहेर काढून धापा टाकतं. तो आकडा बिनकामाचा. तोंड मिटलेलं हवं, झोप गाढ हवी. उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरा, तेव्हा फरशी आणि हवा दोन्ही थंड असतात. फिरून आल्या आल्या किंवा जेवण झाल्या झाल्या मोजू नका.

छाती वर गेली आणि खाली आली, म्हणजे एक श्वास. वर एक, खाली दोन असं मोजलं की आकडा दुप्पट होतो आणि घरात उगाच रडारड सुरू होते. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय वाईट, कारण एका श्वासाची चूक चारची होते. पाय झटकत असेल, पापण्या फडफडत असतील, तर स्वप्न चालू आहे; थांबा. अंगावर हात ठेवू नका, जागं होईल. पॉमेरियनच्या झुलपांवर कूलरचा वारा लागला की सगळं अंगच हलल्यासारखं दिसतं, म्हणून कूलरचं तोंड फिरवा आणि शेवटच्या बरगडीमागे नजर ठेवा. लाईन गेली असेल तर टॉर्चचा उजेड भिंतीवर पाडा, डोळ्यांवर नको.

पहिला आठवडा रोज मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळेल. मिनिटाला तीसच्या आत असेल तर ठीक. तीसच्या वर गेला तर थोड्या वेळानं त्याच झोपेत परत मोजा. तरी वरच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नेहमी सोळा-अठरा असणारा आकडा सलग दोन-तीन दिवस सत्तावीस-अठ्ठावीस येत असेल, तरी मी तिसाची वाट पाहणार नाही.

गोळ्यांचं सोपं आहे. पिमोबेंडन, म्हणजे हृदयाला जोर देणारी गोळी, साधारण बारा तासांच्या अंतरानं, खाण्याच्या तासभर आधी, उपाशीपोटी. हृदय मोठं झालं आहे पण त्रास सुरू झालेला नाही, अशा कुत्र्यांत या औषधानं हार्ट फेल्युअर सरासरी सुमारे 15 महिने लांबतं, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून ‘आता तर बरं दिसते’ म्हणून बंद करू नका. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी गोळी, चालू असेल तर कुत्रं भरपूर मुततं आणि भरपूर पाणी पितं. सपरी ओली होते म्हणून पाण्याचं भांडं उचलणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. विदर्भाच्या उन्हात ही गोळी खाणाऱ्या कुत्र्याचं पाणी तोडलं तर किडनीवर येतं. दुखण्यावरच्या माणसांच्या गोळ्याही मनानं देऊ नका.

पापड, शेव, लोणचं बंद. वरण मीठ घालायच्या आधी वेगळं काढा.

आणि कुत्रं आडवं होईना, मान लांब करून बसून राहिलं, श्वासागणिक पोट आत ओढायला लागलं किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर मोजत बसू नका. रात्र असली तरी निघा. निघतानाच दवाखान्यात ऑक्सिजन आहे का विचारा. नसेल तर दुसरीकडे वळा. भर दुपारी मोटरसायकलवर नेऊ नका, कोणाची तरी चारचाकी मागा, एसी चालू किंवा खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याला दाबून झोपवू नका, हवं तसं बसू द्या. कॅलेंडरचं पान आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, डॉक्टर तेच आधी मागतील.