ठरावीक अक्षरसंख्येचे शब्द संगणकावर शोधताना

शब्दकोड्यासाठी एखादे अक्षर असलेले तीन अक्षरी शब्द यादीतून काढायचे असतील, तर स्प्रेडशीटने मोजलेल्या लांबीवर विसंबू नये. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह (पाय मोडल्याची खूण, जी जोडाक्षरातही लपलेली असते) यांना प्रत्येकी स्वतंत्र स्थान असल्यामुळे ‘पुस्तक’ या शब्दाची लांबी 6 दाखवली जाते, आपण मात्र पु, स्त, क अशी 3 अक्षरे मोजतो. प्रश्नचिन्हाने रिकामी जागा दाखवणारा शोधही याच कारणाने चुकतो.

यावर उपाय सोपा आहे. शब्दातील स्वर व व्यंजने तेवढी मोजावीत, त्यांतून हलन्त चिन्हांची संख्या वजा करावी आणि उत्तर शब्दाशेजारच्या रकान्यात लिहून ठेवावे. ‘पुस्तक’मध्ये प, स, त, क ही 4 व्यंजने आणि 1 हलन्त असल्याने उत्तर 3 येते. ‘अर्थात्’सारख्या शब्दातील शेवटचा हलन्त मात्र वजा करू नये, कारण तिथला ‘त्’ स्वतंत्र घर व्यापतो.

यानंतरच अक्षराची चाळणी लावावी. नुसता ‘त’ शोधल्यास त, ता, ती यांबरोबर ‘स्त’ असलेले शब्दही येतात. कोड्यात ‘स्त’ हे वेगळे घर असते, म्हणून ज्या ‘त’च्या आधी किंवा नंतर हलन्त आहे तो वगळावा, आणि जोडाक्षरच हवे असेल तर ते अख्खे टंकित करावे. रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायच्या मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र) वापरता येत असेल, तर हे सारे एकाच सूत्रात बसवता येते.