निवृत्तीनंतर वकिली करायची आहे? या चुका टाळा

तीन वर्षांच्या एलएलबीला कमाल वयाची अट नाही, हे कळताच अनेक निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि अधिकारी सीईटीचा अर्ज भरायला बसतात. त्याआधी स्वतःच्या गुणपत्रिका काढून पाहाव्यात, कारण खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात आणि दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्यांना बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २००८च्या नियमांनुसार प्रवेश मिळत नाही. एलएलबीची पदवी घरबसल्या पत्राद्वारेही मिळत नाही. हजेरी ७० टक्के लागते. पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नसल्याने सेवेत असतानाच सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेण्याची घाई करू नये.

सनदेसाठी मध्यस्थाला पैसे देणे ही आणखी एक चूक. जुलै २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त शुल्क घेण्यास मनाई केली आहे.

मात्र माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नोकरीतला अनुभव हाच वकिलीचा अनुभव मानून ज्युनिअरशिप, म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, टाळणे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने चेक न वटल्याचे मेमो आयुष्यभर हाताळलेले असतात. पण तो मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस पोहोचल्यावर पैसे देण्यासाठी पंधरा दिवस द्यायचे आणि ते उलटल्यावर महिनाभरात फिर्याद दाखल करायची, हा हिशेब त्याने कधी केलेला नसतो. नोटिशीची मुदत हुकली की त्या मेमोच्या आधारे प्रकरण उभे राहत नाही आणि नुकसान पक्षकाराला सोसावे लागते. नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवावी, पोहोच कशी जपावी, पुढची तारीख मागणारा अर्ज केव्हा द्यावा आणि बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, आपले प्रकरण कितवे आहे हे पाहून कोर्टात कधी उभे राहावे, हे सिनिअरच्या हाताखालीच कळते. तो सिनिअर वयाने वीस वर्षांनी लहान असेल, तरी त्याला ‘सर’ म्हणावे, त्याने खोडलेला मसुदा पुन्हा लिहावा आणि आपल्या जुन्या हुद्द्याचा उल्लेख चेंबरमध्ये करू नये.

नव्या वकिलाकडे पहिल्यांदा येतात ते नातेवाईक, आणि तेही बहुधा वाटपाचे दावे घेऊन. आपल्याच भाऊबंदकीत वकीलपत्र घेतल्यास दोन्ही बाजूंचा रोष ओढवतो आणि फीही मागता येत नाही. अशी प्रकरणे सरळ दुसऱ्या वकिलाकडे पाठवावीत. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मिळकत फार नसते, त्यामुळे घरखर्च पेन्शनवर बसवावा आणि पुंजी मोडून स्वतंत्र ऑफिस थाटण्याऐवजी सिनिअरच्या चेंबरमधल्या टेबलावरच काम करावे.