आठ वाजून चौदा मिनिटं : नववीच्या वर्गात अण्वस्त्रांवरचं साहित्य कसं शिकवावं

‘अणुबॉम्ब’ हा शब्द फळ्यावर लिहिला की नववीचा वर्ग लगेच ‘विज्ञान : शाप की वरदान’च्या वळणावर जातो. ‘मानवाने विज्ञानाच्या जोरावर’ने सुरुवात, ‘शेवटी वापर आपल्याच हाती’ने शेवट. त्यात ना माणूस दिसतो, ना शहर. म्हणून सुरुवात मृतांच्या आकड्याने करू नका, आणि स्फोटाच्या ढगाच्या फोटोनेही नको. पुस्तकांत सर्रास छापला जाणारा तो फोटो विमानातून काढलेला आहे, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्यांच्या बाजूने. चारही तास एकच प्रश्न धरून ठेवा : हे कोण पाहतंय आणि कुठून?

पस्तीस मिनिटांचे चार तास लागतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू केलं की ६ ऑगस्टच्या, म्हणजे हिरोशिमा दिनाच्या आत आणि गणपतीच्या गडबडीआधी आटोपतं. तास एकाआड एक दिवस ठेवा. जोडतासात मुलं सुन्न होतात आणि पुढे काही सांगितलं तरी आत जात नाही. बाकागणिक एक ए-फोर कागद पुरे. मुख्याध्यापकांच्या सहीने पालकांना चार ओळींची चिठ्ठी आधीच जाऊ द्या. भाजलेल्या देहांचे फोटो दाखवायचे नाहीत, फक्त हिरोशिमाच्या संग्रहालयातल्या वस्तू. फोटो पाहून निम्मी मुलं मान फिरवतात आणि मागच्या बाकावर खुसखुस होते. ती खुसखुस बहुतेक वेळा भीतीची असते, त्यावर ओरडू नका.

पहिल्या तासाला अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी. त्यांचं ‘हिरोशिमा’ ३१ ऑगस्ट १९४६च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आलं, अख्खा अंक त्या एका लेखाला दिला होता. हल्ल्यातून वाचलेली सहा माणसं बॉम्ब पडला त्या वेळी, सकाळी सव्वाआठला, नेमकं काय करत होती, इथून लेख सुरू होतो. वर्गासाठी दोघीच घ्या. कारखान्यातली कारकून तोशिको सासाकी शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला मान वळवते. तिच्या मागची पुस्तकांची कपाटं अंगावर येतात आणि पाय पुस्तकांखाली चिरडतो. शिंप्याची विधवा नाकामुरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याला स्वतःचं घर पाडताना बघते आहे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरात मोकळे पट्टे पाडत होते, त्यात त्याचं घर जाणार होतं. हे दहा मिनिटांत आपल्या मराठीत सांगा, मग इंग्रजीतला पहिला परिच्छेद वाचा. त्यानंतर संग्रहालयातल्या डब्याचा फोटो. तो डबा अशाच घरं पाडायच्या कामावर नेलेल्या शाळकरी मुलाचा, आतलं अन्न न खाल्लेलं, कोळसा झालेलं. खिडकीतून दिसणारं ते पाडकाम आणि हा डबा यांची सांगड मुलं स्वतःच घालतात. त्यांना दोन मिनिटं द्या, आपण घालून देऊ नका.

मग लेखन. ‘मुंबईतलं एक माणूस, वेळ ८ वाजून १४ मिनिटं, आठ वाक्यं.’ शाळेची प्रार्थना चालेल, लोकलच्या दारात लटकलेला कुणी चालेल, पाणी जायच्या आत पिंप भरणारी बाई चालेल. नववं वाक्य लिहायचं नाही आणि स्फोट तर नाहीच. फळ्याच्या कोपऱ्यात बंदी घातलेले शब्द लिहून ठेवा : भयानक, विदारक, हृदयद्रावक, क्षणार्धात, होत्याचं नव्हतं. स्फोटाला परवानगी दिलीत तर वह्यांत सिनेमा येतो. ‘आई डबा भरत होती’ इथे मूल थांबलं तर विचारा, कसा भरत होती? ‘भाजीचा रस गळू नये म्हणून तिने झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावला, वाकडा बसला म्हणून काढून पुन्हा लावला’ असं वाक्य आलं की त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या तासासाठी हिंदीच्या बाईंशी बोलून घ्या, कारण कविता अज्ञेयांची आहे, ‘हिरोशिमा’. छोटी आहे, दोनदा मोठ्याने वाचा आणि भाषांतर करत बसू नका. मुंबईच्या पोरांना तेवढं हिंदी कळतं. कवितेत सूर्य क्षितिजावर उगवत नाही, शहराच्या चौकात उगवतो, आणि माणसाची सावली दगडावर राहते. ‘माणूस वाफ झाला’ असं कुणीतरी ठोकून देणारच. तिथे थांबून खरं काय ते सांगा. स्फोटकेंद्रापासून २६० मीटरवरच्या एका बँकेच्या पायऱ्या उष्णतेने फिक्या पडल्या, आणि जिथे कुणी बसलं होतं तेवढा भाग झाकला गेल्याने गडद राहिला. तो दगड आता संग्रहालयात आहे.

कवितेतला चौक नकाशावर आणायचा तर १ : २५,००० प्रमाणाचा मुंबईचा नकाशा आणि ट्रेसिंग पेपर घ्या. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकांइतका होता, जमिनीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला आणि २ किलोमीटरच्या आतल्या जवळपास सगळ्या इमारती गेल्या. या नकाशावर ही त्रिज्या ८ सेंटिमीटर येते. दादर स्थानक मध्य धरलं तर परळ, प्रभादेवी, माटुंगा, शिवाजी पार्क सगळं आत. वर्तुळाचा मध्य शाळेवर किंवा मुलांच्या वस्तीवर ठेवू नका. नववीत काही जणांची झोप उडते. उलटा धोकाही असतो. कुणीतरी मोबाइलवरच्या अणुस्फोटाच्या नकाशात बॉम्बचे मेगाटन वाढवत बसतं आणि त्याला गेमची मजा येते. त्याला वर्तुळातली एकच जागा निवडायला लावा आणि सव्वाआठला तिथे कोण असेल ते विचारा.

तिसरा तास सगळ्यात जड, आणि आपल्याला सगळ्यात जवळचा. जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा मुलांनी आजीकडून ऐकलेला असतो, पण ती जखम का झाली हे धड ठाऊक नसतं. महाभारताच्या सौप्तिक पर्वातला प्रसंग सांगा : अश्वत्थामा ब्रह्मशिरास्त्र सोडतो, उत्तरादाखल अर्जुनही सोडतो, नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, आवरता येत नाही, आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो. अशी अस्त्रं एकमेकांवर आदळतात तिथे बारा वर्षं पाऊस पडत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. धर्मवीर भारतींनी १९५०च्या दशकात ‘अंधा युग’ हे हिंदी नाटक लिहिलं, ते हिरोशिमानंतरचं. पुढे ते मुंबईत ‘धर्मयुग’चे संपादक झाले. त्यांचे व्यास अश्वत्थाम्याला पुढच्या पिढ्यांचं काय होईल ते सुनावतात. तो उतारा दोन मुलांकडून उभं राहून वाचवून घ्या.

इथे ‘म्हणजे आपल्याकडे तेव्हाच अणुबॉम्ब होता’ हे वाक्य येतं. खोडून काढण्यात वेळ गेला तर तास भांडणात संपतो. ‘महाभारतकाराला अस्त्राच्या ताकदीपेक्षा कशाची काळजी जास्त वाटते?’ एवढं विचारा. उत्तर ‘मागे घेता येण्याची’ असंच येतं.

चौथ्या तासाला त्याच धाग्यावर सोव्हिएत लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत इशारायंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं येत असल्याचं दाखवलं. पाचच क्षेपणास्त्रांनी कोण युद्ध सुरू करेल, असा विचार करून त्याने खोटा इशारा असल्याचं वर कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाने क्षेपणास्त्र समजलं होतं. सुटलेलं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही, हे सांगा आणि मुलांना पेत्रोव्ह व अश्वत्थामा यांच्यातला वीस ओळींचा संवाद लिहू द्या.

भारत-पाकिस्तान हा विषय निघणारच, टाळू नका, पण घोषणांवर जाऊ देऊ नका. फळ्यावर तारखा मांडा : पोखरण १८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८, पहिला वापर न करण्याचं धोरण, अण्वस्त्रबंदीचा करार २०२१पासून लागू, त्यात भारत नाही आणि अण्वस्त्रधारी इतर देशही नाहीत. चेंबूर-मानखुर्दच्या शाळांत अणुशक्तीनगरची, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या वसाहतीतली मुलं असतात, त्यांच्याकडे सगळा वर्ग वळून बघतो. तारापूरच्या अणुकेंद्राची वीज आणि बॉम्ब यांतला फरक तुम्हीच स्पष्ट करा : वीजकेंद्रातल्या इंधनाचं समृद्धीकरण, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण, फार कमी असतं, ते बॉम्बसारखं फुटत नाही. पण १९७४च्या स्फोटाचं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीतलं होतं, हेही लपवू नका.

कागदी बगळे करायची हौस असेल तर ते पाचव्या तासाला किंवा घरी. नाहीतर दोन तास घड्या घालण्यात जातात आणि लेखन बाजूलाच राहतं. हिरोशिमाच्या बॉम्बच्या किरणोत्सर्गाने पुढे आजारी पडलेल्या सादाको सासाकी या मुलीचे हजार बगळे पुरे झाले नाहीत ही गोष्ट पुस्तकांतून पसरली. प्रत्यक्षात तिने हजारांहून जास्त केले होते आणि तरी ती १९५५ मध्ये बाराव्या वर्षी गेली. वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरात मुलांना न्यायचं असेल तर आधी विचारून जा, आणि दहा-पंधरांचेच गट करा.

गुण दहा. आठ वाक्यांना पाच : नेमक्या तपशिलाला तीन, बंदीचे शब्द टाळल्याला दोन. संवादाला पाच, त्यात दोघांचा आवाज वेगळा ऐकू आला तर तीन. कुणाचं मत युद्धाच्या बाजूने असलं म्हणून गुण कापू नका. आणि एखाद्या मुलाने आठ वाक्यांऐवजी कोरा कागद दिला, तर सगळ्यांसमोर कारण विचारू नका. मधल्या सुट्टीत एकट्याला गाठा आणि कागद घरी नेऊ द्या.