शाळेचा वनराई बंधारा: या चुका टाळा

वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेली पोती ओढ्यात रचून पाणी अडवणारा कच्चा बांध. आमच्या शाळेचा पहिला बंधारा डिसेंबरात झाला. सरपंच आले, शाळा व्यवस्थापन समिती आली, नारळ फुटला, फोटो निघाले. पंधरा दिवसांनी बघतो तर ओढा आटलेला आणि कोरड्या पात्रात पोत्यांची भिंत उभी! पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच, धार चालू असताना हे काम उरकायचं असतं. नेमकी तेव्हाच सहामाही आणि दिवाळीची सुट्टी आडवी येते, म्हणून सिमेंटची रिकामी पोती गणपतीपासूनच गोळा करायला घ्या.

पोती गच्च भरू नका. मातीने ठासून भरलेलं पोतं सहज ५० किलोच्या घरात जातं. शिवाय ते फुगून गोल होतं, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि फटी राहतात. पाऊणच भरा, तोंड दाभण-सुतळीने शिवा. उचलायचं काम मोठ्यांचं. भरणं आणि शिवणं मुलांचं, पण दाभण हाती देताना जवळ उभे राहा.

बंधारा खालून गळत असेल तर पहिला थर गोट्यांवरच ठेवला गेला असणार. आधी गोटे-वाळू उपसून तळ साफ करायला हवा होता. आता पाण्याच्या अंगाने चिकणमाती थापा. बाजूने गळत असेल तर काठात चर खणून पोती आत घुसवा. थर वीटकामासारखे सांधा मोडून रचा. मधला भाग थोडा खाली ठेवा, नाहीतर वरून जाणारं पाणी काठच पोखरतं.

मुलांना नुसती हमाली लावणं ही मात्र सगळ्यांत महागात पडणारी चूक. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून कामातूनच शिक्षण रुजवलं. तिथे काम हाच धडा. आमच्या सातवीने दुसऱ्या वर्षी आधी ओढा मोजला. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १० सेंटिमीटर. पिंपळाचं पान सोडलं, १० मीटर जायला ५० सेकंद. रुंदी, खोली आणि वेगाचा गुणाकार केला, सेकंदाला ४० लिटर. फळ्यावर उत्तर लिहिलं तोच एक मुलगी म्हणाली, "सर, तळाचं पाणी पण एवढंच पळतं का?" नाही पळत. म्हणून ०.८ ने गुणायचं, ३२ लिटर. हा प्रश्न पुस्तकासमोर बसून पडला नसता.

खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला न विचारता पाणी अडवू नका. आम्ही ते विसरलो आणि एका रात्रीत वरचा थर कुणीतरी उतरवून ठेवला. नीट, ओळीने.

आणि मेअखेर पोती काढा. उन्हाने ती विरतात, पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खालच्या बाभळींना लटकतात. यंदा काढताना १८३ निघाली. रचली होती २१०. उरलेली शोधायला मुलं अजून ओढ्याकाठी हिंडताहेत.